तडकलेल्या डॅशबोर्डचा धर्म

जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड तडकला, की मालकापुढे दोन वाटा उरतात. तो दुरुस्त करून घ्यायचा, नाहीतर उचकटून काढून त्या जागी दुसरा बसवायचा. गॅरेजमध्ये हा प्रश्न खर्चाच्या आकड्यावर पाच मिनिटांत मिटतो. पण धर्मशास्त्रकारांनी, नैयायिकांनी आणि बौद्ध आचार्यांनी शतकानुशतकं हाताळलेला एक प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. वस्तू भंगली म्हणजे तिचं नेमकं काय गेलं, आणि जे गेलं ते भरून काढण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न विचारायला विशेष कारण आहे. फाळणीच्या वेळी, १९४७ साली, रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून हललेली लष्करी वाहनांची संस्था अहिल्यानगर शहरात आली आणि पुढे व्हीआरडीई म्हणून वाढली. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथलंच, आणि १९९४ मध्ये उभं राहिलेलं रणगाड्यांचं संग्रहालयही इथलंच. त्याच जिल्ह्यात नेवाशाचा पैस खांब आहे, शिर्डीची समाधी आहे, मेहेराझादला अवतार मेहेरबाबांच्या निळ्या बसची जपून ठेवलेली बॉडी आहे. यंत्रं आणि अवशेष इतक्या जवळजवळ नांदतात, तेव्हा एकाच्या जतनाचे नियम दुसऱ्याला कुठवर लागू पडतात हे तपासून पाहायला हवं.

आधी तडा समजून घेऊ. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांचे डॅशबोर्ड लाकडाचे किंवा पत्र्याचे असत. लाकडाचं पॉलिश उडे, पत्र्याला गंज धरे, पण मधोमध भेग पडण्याचा आजार त्यांना फारसा नव्हता. तो आला मऊ डॅशबोर्डाबरोबर. अपघातात डोकं आपटलं तर इजा कमी व्हावी म्हणून पत्र्याच्या पाट्यावर फोमचा थर आणि त्यावर पीव्हीसीचं कातडं चढवण्याची पद्धत रूढ झाली. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात मिसळलेल्या तेलकट रसायनांमुळे ते लवचीक राहतं. काचेतून येणारं ऊन वर्षानुवर्षं त्यावर पडतं तसतशी ही रसायनं उडून जातात, आणि गाडीच्या काचेवर आतून जमणारा धुरकट थर पुष्कळदा त्यांचाच असतो. कातडं आकसतं, ताठरतं, आणि खालचा फोम त्याला धरून ठेवत असल्यामुळे कुठेतरी फाटतं. भेग बहुधा मीटरच्या छपरीवर, स्पीकरच्या जाळीच्या कडेला किंवा काचेलगत पडते, कारण ताण तिथे साठतो. नगरसारख्या पर्जन्यछायेच्या, कोरड्या मुलखात, जिथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, तिथे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे लवकर भोगावं लागतं. सारांश, या भेगेला कोणी जबाबदार नसतं. ना अपघात, ना हयगय. ऊन आणि काळ यांनी पदार्थाच्या स्वभावानुसार केलेलं ते काम आहे.

आता पहिला तात्त्विक मोह असा होतो, की आधी ‘तीच गाडी’ म्हणजे काय ते ठरवू, मग दुरुस्तीचा निर्णय आपोआप निघेल. डॅशबोर्ड बदलल्यावर गाडी तीच राहत असेल तर खुशाल बदला, राहत नसेल तर बदलू नका. ही वाट कुठे नेते ते न्याय-वैशेषिक दर्शनाने फार पूर्वी दाखवून ठेवलं आहे. नैयायिक अवयव आणि अवयवी वेगळे मानतात. धाग्यांहून वस्त्र वेगळं, सुट्या भागांहून गाडी वेगळी. पण हा अवयवी अवयवांच्या संयोगावर उभा असतो, आणि संयोग मोडला की जुना अवयवी नाश पावून नवा उत्पन्न होतो. मोठ्या वस्त्राचा एक तुकडा फाटला की महापट संपला आणि खंडपट जन्मला, असं ते निःसंकोच म्हणतात. हे खरं मानलं तर डॅशबोर्ड बदलला त्या दिवशी गाडी बदललीच, पण तो तडकला त्या दिवशीही ती बदलली होती, आणि एखादा स्क्रू पडला त्या दिवशीही. नव्या-जुन्याचा निवाडा इतका बारीक झाला, की त्याचा आधार घेऊन काहीच ठरवता येत नाही.

बौद्ध आचार्य नागसेनाचं उत्तर दुसऱ्या टोकाचं आहे, आणि त्याचा दृष्टान्त योगायोगाने वाहनाचाच आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात तो ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, की आपण ज्या रथातून आलात तो रथ म्हणजे आस आहे का, चाकं आहेत का, जू आहे का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो, आणि अखेर कबूल करतो, की या सगळ्यांच्या जोडणीला ‘रथ’ हे नुसतं व्यवहाराचं नाव आहे. पुढे दिव्याचा दाखला येतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नव्हे आणि अगदी दुसरीही नव्हे, एकीतून दुसरी निघत गेलेली ती एक संतती आहे. इंग्लंडमधल्या एका न्यायाधीशाला १९९० साली बेंटले गाडीबद्दल जवळपास हेच म्हणावं लागलं. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी ती गाडी १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली. पुढे तिचं इंजिन बदललं, सांगाडा बदलला, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सवर तिचा भीषण अपघात झाला, नंतर तिच्यावर वेगळीच बॉडी चढली. एक कोटी पौंडांच्या सौद्यानंतर खरेदीदाराने ही ती गाडीच नव्हे असा वाद घातला. शर्यत जिंकलेल्या गाडीचा मूळ ऐवज तिच्यात फारसा उरलेला नाही, हे न्यायालयाने मान्य केलं, आणि तरीही तिचा इतिहास कुठे तुटलेला नाही म्हणून ते नाव लावण्याचा तिचा हक्क कायम ठेवला.

तेव्हा एका दर्शनाप्रमाणे गाडी क्षणोक्षणी बदलते, दुसऱ्याप्रमाणे सगळं बदलूनही तिचा प्रवाह चालू राहतो, आणि दोहोंपैकी कोणीही मालकाला डॅशबोर्डचं काय करायचं ते सांगत नाही. मला वाटतं, प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो आहे. वस्तू तीच राहिली का, हा सत्ताशास्त्राचा प्रश्न बाजूला ठेवून, या वस्तूवर आपण कोणती जबाबदारी सोपवली आहे, हा धर्माचा प्रश्न विचारायला हवा. तो विचारला की आपल्याच परंपरेत एक फार स्वच्छ भेद सापडतो.

प्रतिष्ठा केलेली मूर्ती खंडित झाली तर ती पूजेत ठेवू नये, तिचं विधिवत विसर्जन करून दुसरी स्थापावी, असा शास्त्राचा सर्वसाधारण नियम आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी आहे, निबंधग्रंथांत त्याचा खल आहे, आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘धर्मसिंधू’ने तो महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवला. पण याच परंपरेने काही वस्तू या नियमातून वगळल्या आहेत. शाळिग्राम भंगला तरी पूज्यच राहतो. नर्मदेतल्या बाणलिंगाचं तसंच, स्वयंभू स्थानांचं तसंच. असं का? पहिल्या प्रकारच्या मूर्तीला माणसाने घडवून काम दिलेलं असतं. भक्ताच्या ध्यानासाठी पूर्ण रूप समोर ठेवणं हे ते काम. रूप मोडलं की काम थांबतं, आणि ज्याला आपण काम दिलं ते आपण परतही घेऊ शकतो. दुसऱ्या प्रकारची वस्तू काही दाखवण्यासाठी घडवलेली नसते. ती जे आहे तेच तिचं सांगणं असतं. तिला पर्याय देता येत नाही, कारण तिच्याजागी ठेवलेली दुसरी वस्तू कितीही हुबेहूब असली तरी ती त्या जागी नव्हती, तिच्यावरून तो काळ गेला नाही. पहिल्या प्रकाराला मी कामाची वस्तू म्हणेन, दुसऱ्याला साक्षीची.

शिर्डीत हे दोन्ही प्रकार एका छताखाली आहेत. समाधीमागची संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली आणि १९५४ च्या विजयादशमीला ती बसवली गेली. तिला प्रतिष्ठा आहे, नित्य स्नान आहे, आरती आहे, म्हणजे मूर्तीचे सगळे नियम तिला लागू आहेत. आणि एक वीट आहे. साईबाबा जिच्यावर हात टेकून बसत, ती वीट १९१८ मध्ये झाडलोटीच्या वेळी एका मुलाच्या हातून पडून दुभंगली. हेमाडपंतांनी लिहिलेलं साईबाबांचं चरित्र सांगतं, की तिला बाबांनी आपली जन्माची सोबतीण मानलं होतं आणि तिच्या भंगण्याला आपल्याच अंताची खूण समजून ते हळहळले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १५ ऑक्टोबरला, त्यांचं निर्वाण झालं. ती वीट समाधीतच ठेवली असं भक्तपरंपरा मानते. विटा लाखो मिळतात, पण या विटेच्या जागी दुसरी ठेवून भागलं नसतं, हे सांगायला शास्त्री लागत नाही. नेवाशाचंही असंच आहे. ज्ञानदेवांनी ज्याला टेकून गीतेवरचं भाष्य सांगितलं, त्या खांबाभोवती मंदिर नवं उभं राहिलं. भिंती नव्या, मंडप नवा, खांब तो. मंदिर कामाचं होतं, ते बदलता आलं. खांब साक्षीचा होता, त्याला कोणी गुळगुळीत नवा पर्याय सुचवला नाही.

खुद्द त्या भाष्याचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पुरा झालेला हा ग्रंथ पुढच्या तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून भ्रष्ट झाला, त्यात पाठभेद आणि भर पडली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये जुन्या पोथ्या ताडून तो शुद्ध केला. नाथ स्वतः समर्थ कवी होते. खराब झालेल्या जागी त्यांना आपल्या उत्तम ओव्या घालता आल्या असत्या, आणि त्या कदाचित शोभल्याही असत्या. त्यांनी ते केलं नाही, उलट पुढच्यांनी या ग्रंथात आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद देऊन ठेवली. मराठीतल्या दुरुस्तीविचाराचा हा मला सर्वांत वरचा नमुना वाटतो. दुरुस्त करणाऱ्याची गुणवत्ता त्याने किती भर घातली यावरून मोजायची नसते. जे मूळचं होतं ते किती वाचवलं आणि आपलं किती मागे ठेवलं, यावर ती ठरते.

आता गाडीकडे येऊ. गाडीत दोन्ही प्रकारचे भाग आहेत, आणि गोंधळ त्यामुळेच होतो. ब्रेकचे पाइप, टायर, रबरी बुश, पेट्रोलची नळी, वायरिंग हे निखळ कामाचे भाग आहेत. ते खंडित झाले की खंडित मूर्तीचा नियम चालवावा. जुनेपणाच्या प्रेमापोटी सडलेला ब्रेकपाइप ठेवणारा माणूस गाडीचा नव्हे तर रस्त्यावरच्या परक्या माणसांचा अपराधी ठरतो. डॅशबोर्डचा पाटा मात्र तडकूनही काम करत राहतो. मीटर धरून ठेवतो, बटणं जागेवर ठेवतो, वायरी झाकतो. त्याचं काम थांबलेलं नाही, फक्त रूप बिघडलं आहे. आणि साक्षीच्या बाबतीत गाडीतला दुसरा कुठलाच भाग त्याच्याइतका भरलेला नसतो. इंजिन बॉनेटखाली असतं, सांगाडा पोटाखाली. डॅशबोर्ड मात्र चालवणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आणि हाताखाली राहिलेला असतो. किती मैल झाले त्याचा आकडा त्यावर असतो, आणि तो आकडा फिरवणं ही फसवणूक आहे हे कुठलाही दलाल कबूल करतो. चोकच्या दांड्याजवळची झिजलेली कड, नंतर बसवलेल्या रेडिओसाठी पाडलेलं भोक, मधोमध चिकटवलेल्या गणपतीच्या किंवा साईबाबांच्या मूर्तीखालचा गोंदाचा गोल डाग, दरवर्षीच्या दसऱ्याला लावलेल्या हळदीकुंकवाने रापलेला कोपरा: हे सगळं त्या पाट्यावर लिहिलेलं असतं.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. उन्हाने पडलेली भेग कोणाच्या कृतीची साक्ष देते? रणगाड्याच्या चिलखतावर शत्रूच्या गोळ्याची खूण असली तर ती बुजवू नये हे पटतं. संग्रहालयात १९६५ च्या युद्धात पकडलेला पॅटन रणगाडा उभा आहे, त्याला चकचकीत करून नवा दिसायला लावणं हा इतिहासाचा अपमान होईल. पण पीव्हीसी आकसणं ही काही इतिहासातली घटना नाही. मला हे मान्य आहे. भेग पूज्य आहे असं मी म्हणत नाही, आणि भेगेला सोनं लावून मिरवण्याची जपानी चाल मोटारीला लावावी असंही माझं म्हणणं नाही. भेग बुजवावी. पण भेग हातभर लांब असते आणि डॅशबोर्ड गाडीच्या रुंदीएवढा. बदलण्याचा निर्णय भेगेपुरता मर्यादित राहत नाही, तो भेगेबरोबर तिच्या आजूबाजूचं सगळं फेकतो. ज्यात साक्ष नाही ते काढण्यासाठी ज्यात साक्ष आहे ते टाकून देणं, हे माप चुकल्याचं लक्षण आहे. एकनाथांनी भ्रष्ट ओव्या निवडल्या, पोथी जाळली नाही.

दुसरा आक्षेप रूपाचा आहे. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा डॅशबोर्ड अखंड होता, मग तो अखंड करणं म्हणजेच मूळ रूपाकडे जाणं नव्हे का? या म्हणण्यात एक न बोललेलं गृहीतक आहे. गाडीचं सत्य तिच्या पहिल्या दिवशी होतं आणि नंतरची सगळी वर्षं म्हणजे उतरंड, असं ते मानतं. कृतयुगातून कलियुगाकडे घसरण्याची ही कल्पना विश्वाला लागू असेल वा नसेल, यंत्राला ती लावण्याचं कारण दिसत नाही. कारखान्यातला दिवस एक होता. त्यानंतरची पन्नास वर्षं तितकीच खरी आहेत, आणि गाडी जुनी म्हणून मोलाची ठरते ती त्या पन्नास वर्षांमुळे. ती पुसून पहिला दिवस परत आणायचा, आणि किंमत मात्र पन्नास वर्षांची सांगायची, यात विसंगती आहे. व्हेनिसमध्ये १९६४ साली जगभरच्या वास्तुजतनकारांनी सनद केली, तिच्यात हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण वास्तूशी जुळावा, पण मुळापासून वेगळा ओळखूही यावा, असं मुद्दाम म्हटलं आहे. दुरुस्तीने खोटी साक्ष देऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये ट्युरिन इथे केलेली सनदही याच विचारावर उभी आहे.

तिसरा आक्षेप थेट आपल्या इतिहासातून येतो. या जिल्ह्याला आता जिचं नाव आहे ती अहिल्याबाई जामखेडजवळच्या चौंडीची, जन्म १७२५ चा, आणि तिची सर्वांत मोठी कीर्ती पडलेली देवळं नव्याने उभारण्याची. नव्याने बांधणं हे पुण्यकर्म असेल तर नवा डॅशबोर्ड बसवणं गौण कसं? पण अहिल्याबाईंनी काय बांधलं ते पाहा. काशीचं मंदिर १७८० मध्ये त्यांनी उभं केलं ते पाडलेल्या मंदिराऐवजी. तिथे पूजा खंडली होती, ती परत सुरू करायची होती. सोमनाथला त्यांनी पडक्या अवशेषांना तसंच राहू देऊन जवळच वेगळं देऊळ बांधलं, आणि १९५१ मध्ये मोठं मंदिर पुन्हा उभं राहिल्यावरही अहिल्याबाईंचं ते देऊळ आपल्या जागी आहे. जिथे काम थांबलं होतं तिथे त्यांनी काम चालू केलं. उभ्या, चालत्या देवळाला नुसत्या भेगा पडल्या म्हणून ते पाडून नवं करण्याचा धडा त्यांच्या चरित्रातून निघत नाही. जपानमधल्या इसे इथलं लाकडी देवस्थान दर वीस वर्षांनी, शेवटचं २०१३ मध्ये, संपूर्ण नवं बांधतात, हेही उदाहरण पुष्कळदा दिलं जातं. तिथे जपली जाते ती सुतारांची विद्या. प्रत्येक पिढीच्या हातांनी ती एकदा तरी करून पाहावी म्हणून देऊळ नवं होतं. त्या न्यायाने एखाद्या कुशनवाल्याने जुना पाटा समोर ठेवून, त्याच जातीचं कातडं त्याच शिवणीने हाताने चढवलं, तर त्यात एक विद्या जिवंत राहते, आणि ते काम मी दुरुस्तीच्या जवळचं मानेन. साच्यातून निघालेला तयार पाटा खोक्यातून काढून चार बोल्टांवर बसवण्यात ती विद्या नाही.

चौथा आक्षेप गीतेतून येतो. जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा जीर्ण देह टाकतो, मग निर्जीव पाट्याचा इतका लोभ कशाला? हा दृष्टान्त देहीच्या बाजूने आहे. देह बदलला तरी देही राहतो, म्हणून शोक नको. गाडीला असा देही नाही. तिच्यातून काढून पुढच्या गाडीत घालता येईल असं काही तिच्यात नाही. तिचं जे काही आहे ते तिच्या पत्र्यात, लाकडात, कातड्यातच आहे. शिवाय तो श्लोक मृत्यूच्या प्रसंगी धीर देण्यासाठी आहे, सुरकुतलेल्या पण चालत्या देहाला आधीच निरोप देण्याचा परवाना म्हणून नाही. मोहाचा मुद्दा मात्र उरतो आणि तो सहज झटकता येणारा नाही. वस्तूला चिकटून राहणं हे बंधन आहे असं आपले सगळे संत सांगतात, आणि जतनाच्या नावाखाली आसक्ती वाढवणारे लोक दिसतात. पण बदलण्यातही आसक्तीच असू शकते. निष्कलंक रूपाची, लोकांनी वाहवा करावी अशा नवेपणाची ती आसक्ती आहे, आणि बहुतेक वेळा तीच अधिक खर्चीक आणि अधिक अधीर असते. तडा नीट बुजवून त्याच पाट्यामागे बसायला मनाची तयारी जास्त लागते. गाडी आपल्या आधी कोणाची होती आणि पुढे कोणाकडे जाईल हे ज्याला आठवतं, तो तिचा विश्वस्त होतो. मग जपणं हे ‘माझं’ म्हणून राहत नाही.

दसऱ्याचा मुद्दाही कोणी काढेल. खंडेनवमी-दसऱ्याला आपण वाहनाची पूजा करतो, झेंडूचा हार घालतो, मग ते मूर्तीसारखंच नव्हे का, आणि खंडित असेल तर दोष नाही का? त्या दिवशी पूजा होते ती आयुधाची. सुताराचा झिजलेला वाकस, शेतकऱ्याचा पाजळून पाजळून अर्धा उरलेला कोयता, दोन्ही त्या दिवशी पाटावर मांडले जातात. हत्यार झिजलेलं आहे म्हणून कोणी नवं आणून पूजत नाही. तिथे प्राणप्रतिष्ठा नाही, म्हणून खंडितत्वाचा दोषही नाही. उलट त्या पूजेत झिजेलाच मान आहे.

ज्याचं पोट गाडीवर आहे, त्याच्यावर मात्र मी यातलं काहीही लादणार नाही. पाथर्डी-शेवगावच्या रस्त्यावर जुन्या जीपमधून माल आणि माणसं वाहणाऱ्या चालकाला ती गाडी कामाची वस्तू आहे, साक्षीची नव्हे. त्याने रेक्झिन ठोकावं, फायबरचं कव्हर चिकटवावं, भंगारातून दुसरा पाटा आणावा, धर्म कुठेही आड येत नाही. एअरबॅग असलेल्या अलीकडच्या गाडीतही नियम वेगळा आहे. तिथे डॅशबोर्डचं कातडं ठरलेल्या जागी ठरल्या पद्धतीनेच फाटायला हवं, त्यावर पुट्टी भरणं जीवघेणं ठरू शकतं, म्हणून तो बदलणंच योग्य. माझं सगळं म्हणणं जुनी म्हणून ठेवलेल्या गाडीपुरतं आहे. तिला जुनी राहण्याचं एकच काम दिलं आहे, आणि ते काम बदललेला डॅशबोर्ड करू शकत नाही.

मग दुरुस्ती कशी करावी? यालाही परंपरेत शब्द आहे, वज्रलेप. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, म्हणजे सहाव्या शतकात, त्याची कृती दिली आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं आणि इतर द्रव्यं पाण्यात आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायची, त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल घालून लेप करायचा, आणि तो देवळांना, भिंतींना, लिंगांना, प्रतिमांना लावायचा. मूर्ती झिजली की लगेच विसर्जन, असा विचार करणाऱ्या समाजाने हा लेप शोधला नसता. विसर्जनाच्या आधीची पायरी म्हणून तो शोधला गेला. आजच्या काळात त्याची जागा रासायनिक लेपनाने घेतली. पंढरपूरला विठ्ठलाचे चरण भक्तांच्या स्पर्शाने झिजतात म्हणून तसं लेपन झालं, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये झालं आणि त्यावर बराच वादही झाला. तो वाद मला निरोगी वाटतो. लेप किती, कुठवर, मूळ पाषाण त्याखाली दबतो का, हेच प्रश्न विचारायचे असतात. डॅशबोर्डला ते जसेच्या तसे लागू आहेत. भेगेच्या कडा तासून, खाली फोमला आधार देऊन, लवचीक भरण घालून, वरून कातड्याची नक्षी दाबून आणि त्या एका पट्टीपुरता रंग देऊन काम होतं. एम-सीलसारखं कडक भरण घातलं तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरी भेग पडते, कारण आजूबाजूचं कातडं अजून आकसतंच आहे. सगळ्यात वाईट उपाय तोच, जो सर्वांत सोपा म्हणून विकला जातो: अख्ख्या डॅशबोर्डवर कडक प्लास्टिकचं कवच गोंदाने डकवणं. ते दिसतं नवं, पण पुढे कधी काढायची वेळ आली तर खालचं मूळ कातडं सोलूनच निघतं. पुढच्या माणसाला आपला निर्णय फिरवता यावा, हे दुरुस्तीतलं किमान सौजन्य आहे.

कधी कधी वाचवण्यासारखं काही उरतच नाही. कातडं पापडासारखं तुटतं, फोमची भुकटी होते. अशा वेळी बदलावं, पण जीर्णोद्धाराच्या विधीतली एक गोष्ट ध्यानात ठेवून. तिथे जुनी मूर्ती सरळ उचलून टाकत नाहीत. तिच्यातलं देवत्व आधी कलशात आवाहन करून घेतात, नव्या मूर्तीत ते स्थापन होईपर्यंत सातत्य तुटू देत नाहीत. गाडीच्या बाबतीत हे सातत्य नोंदीतून राखता येतं. जुना पाटा माळ्यावर ठेवावा, नव्याच्या मागच्या बाजूला तो कधी आणि कोणी बसवला हे कोरावं, आणि गाडी विकताना हे खरेदीदाराला आपणहून सांगावं. मेहेराझादची निळी बस इथे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहे. १९३८-३९ मध्ये मेहेरबाबा आणि त्यांचे शिष्य जिच्यातून भारतभर फिरले, तिची बॉडी चाकांवरून उतरवून १९४९ च्या चाळीस दिवसांच्या एकांतवासासाठी खोलीसारखी वापरली गेली. वाहन म्हणून ती तेव्हाच संपली. पण काय काढलं आणि काय राहिलं हे कोणी लपवलं नाही, म्हणून तिची साक्ष आजही शाबूत आहे.

सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासांहून अधिक वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाला पात्र ठरते. व्याख्या व्यवहार्य आहे, पण तिने नावाने सांगितलेल्या तीन भागांत डॅशबोर्ड नाही. याचा अर्थ असा, की मैलांचा आकडा, मीटर, पाटा सगळं बदललेली गाडीही कागदावर मूळ स्वरूपातली ठरू शकते, आणि ती विकत घेणाऱ्याला ते कळायचा मार्ग नाही. डॅशबोर्ड बदलण्यावर बंदी घालावी असं मी म्हणणार नाही, तसं करणं अन्यायाचं होईल. पण या नोंदणीच्या अर्जाला बदललेल्या भागांची एक सही केलेली यादी जोडणं सक्तीचं करता येईल. एमएच १६ असो वा एमएच १७, प्रादेशिक परिवहन कार्यालयाला त्यासाठी एक कागद वाढवावा लागेल, आणि मालकाला त्यावर काय बदललं, कधी बदललं आणि काढलेला भाग कुठे आहे, एवढं लिहावं लागेल.